बाबांना टीबीच होता ना?

लग्नात, तेरवीत, नागपुरात गोकुळपेठेच्या बाजारात भाजी घेतानाही कुणीतरी आवाज खाली करून विचारतंच: "बाबांना टीबीच होता ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नव्हता.

खोकला, ताप, उतरलेलं वजन, एक्स-रेत उजव्या फुफ्फुसात पोकळी आणि खाली पाणी. टीबीची शंका रास्तच होती. पण थुंकीत टीबीचे जंतू नव्हते, सीबीनॅट ही टीबीचे जनुक शोधणारी तपासणीही निगेटिव्ह. तरी एका दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या. ताप हटेना. वर्षानुवर्षांचा खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, वर शुगर. दाढा हलत होत्या, हिरड्यांतून पू यायचा. तोंडात कुणी डोकावलंच नाही.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी दात पाहिले, मग पाठीतून सुई घातली. बाबा उशीवर ओणवे बसले होते. सिरिंजमध्ये दाट पू आला आणि असा वास सुटला की शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक उठून बाहेर गेले. बाबांनी मान वळवून विचारलं, "हे माह्याच आंगातून निघालं का वं?" मला उत्तर सुचलं नाही. डॉक्टरांनी सिरिंजमधली हवा काढून तिचं तोंड बंद केलं आणि माझ्या हातात दिली: "लॅबकडे पळा. हवा लागली की हे जंतू मरतात."

झोपेत लाळ श्वासनलिकेत उतरते, तिच्यासोबत हिरड्यांतले जंतूही, आणि छातीत पू होतो. थुंकी तोंडातूनच येते, म्हणून तिच्यात ते सापडले तरी काही सिद्ध होत नाही. छातीतला पूच तपासावा लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यात नाना तऱ्हेचे जंतू दिसले. कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहताना, एकही वाढला नाही. नळी टाकून पू काढला, टीबीच्या गोळ्या थांबवल्या, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेट कित्येक आठवडे चाललं, मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या दंत महाविद्यालयात दाढा काढल्या. ताप गेला, वजन भरलं.

आधी मी "नव्हता" हे भांडल्यासारखं म्हणायचे. टीबी असता तर त्यात लाज कसली होती? तरी वाटायची, हे खरं आहे. आणि छातीतल्या पाण्याची सीबीनॅट निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच, असंही छातीठोक म्हणता येत नाही. काका नेमकं तिथेच बोट ठेवतात. मी म्हणते, टीबीच्या गोळ्या बंद करूनच माणूस बरा झाला. ते म्हणतात, सुरुवातीला घेतल्या होत्याच की. तिथे आमचं दरवेळी अडतं.