ग्लाइड की स्पिन? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, आता जगात ग्लाइड करतं तरी कोण? मग आमच्या पोराला तीच का शिकवता?"

गोळाफेकीच्या या दोन पद्धती: ग्लाइड म्हणजे पाठमोरं सरळ सरकत येऊन गोळा टाकणं, स्पिन म्हणजे गिरकी घेऊन टाकणं. वरचा प्रश्न मला पालक विचारतात, दुसऱ्या शाळांचे क्रीडाशिक्षक विचारतात, आणि मोबाइलवर विश्वविक्रमवीर क्राउझरची फेक बघून आलेली आठवी-नववीतली मुलं तर रोजच विचारतात. मैदानावर पोरं गोळे घेऊन उभी असताना सविस्तर सांगायला वेळ नसतो, म्हणून मी "अजून वेळ आहे" म्हणून सुटते. मग मागे कुजबुज होते की मॅडम जुन्या वळणाच्या आहेत. तर एकदाच काय ते सगळं सांगते.

तुमचं बरोबर आहे ते आधी मान्य करते. रिओ आणि टोकियो, दोन्ही ऑलिंपिकमध्ये पुरुषांची तिन्ही पदकं त्याच तिघांनी, त्याच क्रमाने नेली: रायन क्राउझर, जो कोव्हाक्स, टॉम वॉल्श. तिघेही फिरून टाकणारे. क्राउझरचा २०२३चा २३.५६ मीटरचा विश्वविक्रम स्पिनचाच. मुलींच्या बाजूला ग्लाइड जास्त तग धरून राहिली; गोंग लिजियाओने टोकियोचं सुवर्ण तिच्यावरच जिंकलं. पण २०२४ला पॅरिसमध्ये येमिसी ओगुनलेयेने शेवटच्या फेकीत बरोबर २० मीटर टाकून सुवर्ण घेतलं, तेही फिरून. वारं कुठून वाहतंय हे मलाही कळतं हो.

पण उल्फ टिमरमनने १९८८ मध्ये ग्लाइडवर २३.०६ टाकला होता. त्याला मागे टाकणारा रँडी बार्न्सचा १९९०चा २३.१२ स्पिनचा. मध्ये सहा सेंटिमीटर! (बार्न्सवर उत्तेजकांपायी बंदी आली, तो भाग वेगळा.) डेव्हिड स्टोर्ल २०११ आणि २०१३ला ग्लाइडवरच जगज्जेता झाला. आणि तुम्ही बघता ती अंतिम फेरी असते. ज्यांना गिरकी कधी साधलीच नाही त्यांची फेक कोण कशाला चित्रित करून टाकेल?

दुसरं म्हणजे हा वाद मुळात वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागाचा आहे. २.१३५ मीटर व्यासाच्या त्या जागेत ग्लाइडवाला पाठमोरा सरळ सरकत येतो, स्पिनवाला गिरकी घेऊन येतो, पण पोचायचं दोघांनाही पॉवर पोझिशनलाच. उजवा पाय मध्याशी, डावा स्टॉप बोर्डाजवळ (वर्तुळाच्या पुढच्या कडेला बसवलेली फळी), छाती अजून मागे वळलेली, गोळा मानेला चिकटलेला. तिथून उजवं पाऊल फिरायला हवं, त्याच्यामागे कंबर, मग छाती, आणि हात सगळ्यात शेवटी. माझ्याकडे येणारं जवळजवळ प्रत्येक पोर हात सगळ्यात आधी घालतं. त्याला ग्लाइड दिली काय, स्पिन दिली काय, तोच उतावळा हात तो आणखी वेगात घालणार.

म्हणून माझ्याकडे सुरुवात जागेवरच्या फेकीने होते. पोरं कंटाळतात, पालक घड्याळ बघतात. जागेवरची फेक जमली की ग्लाइड. ग्लाइडने मीटर-दीड मीटर वाढायला हवा. तेवढं वाढत नसेल तर खोट शेवटच्या टप्प्यात आहे, आणि ती गिरकीने झाकत नाही, उघडी पडते.

स्पिनची स्वतःची दुखणी आहेतच. फिरताना गोळा मानेपासून बाहेर ओढला जातो. नियम सांगतो की गोळा मानेला किंवा हनुवटीला टेकलेला किंवा अगदी लगत हवा आणि हात त्या जागेवरून खाली उतरता कामा नये. ज्या पोराचं मनगट ५ किलोचा गोळा सरळ उभं राहूनही नीट पेलत नाही, त्याचं कोपर गिरकीत पडणारच. शिवाय जमीन. गुळगुळीत काँक्रीट असेल तर पाऊल चवड्यावर फिरतं. मातीत चुन्याने आखलेल्या वर्तुळात चवडा रुततो, वरचं अंग फिरतं, गुडघा जागच्या जागी राहतो. तसल्या वर्तुळात मी कुणालाच फिरू देत नाही, मग वडील कितीही रागावोत.

पूर्वी माझ्याकडे एक सोपं सूत्र होतं: उंच आणि धिप्पाड असेल तर ग्लाइड, बुटका आणि चपळ असेल तर स्पिन. शिबिरात ऐकलेलं, वहीत लिहिलेलं. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, बाई गं, नववीत बुटका असलेला मुलगा अकरावीत बुटकाच राहतो का? या वयात हाडं वर्षभरात लांबतात, पायांचा अंदाज चुकायला लागतो, गोळा ५ किलोवरून ६ वर जातो. आज चपळ दिसणारा उद्या स्वतःच्याच पायात अडखळतो. त्यावर ती जुनी मी म्हणेल, मग काहीच ठरवायचं नाही का? आणि तिचंही चुकत नाही. हंगाम कोणासाठी थांबत नाही.

आता तो मुलगा. तुमच्यातल्या काहींना ठाऊक आहे, कारण तुमच्या प्रश्नामागे बहुतेक वेळा तोच असतो. "त्या पोराचं तुम्ही काय केलंत?" असं तोंडावर कोणी म्हणत नाही, एवढंच.

तो थाळीफेक करायचा. गिरकी अंगात होती. डाव्या पायावर भार घेऊन, उजवा पाय मोठ्या कमानीत टाकून तो असा वळायचा की बघत राहावं. म्हणून त्याला स्पिन मीच दिली, हे आधी ऐकून घ्या. सरावात तो ग्लाइडपेक्षा बराच पुढे टाकायला लागला. दर चार-पाच फेकींत एक फाऊल व्हायची, पण उरलेल्या बघून आम्ही दोघंही खूश होतो.

मोठ्या स्पर्धेत पहिली फेक गेली डाव्या रेषेबाहेर. खांदा लवकर उघडला होता. दुसरी... दुसरी मी अजून पायांपासून वर बघत जाते. उजवा पाय बरोबर मध्यावर पडला आणि पडताच फिरत राहिला, अडकला नाही. डावा वेळेत खाली आला. गोळा हातातून सुटला तेव्हाच कळलं की ही आजवरची सगळ्यात लांब आहे. आणि मग पाय बदलताना उजव्या बुटाचं टोक स्टॉप बोर्डाच्या वरच्या कडेला टेकलं. वरच्याच, आतल्या बाजूला टेकलं असतं तर चाललं असतं. लाल झेंडा. गोळ्याने पाडलेला खड्डा तिथे सगळ्यांना दिसत होता आणि टेप घेऊन बसलेला माणूस जागचा हलला नाही.

दोन फाऊल. तिसरीही गेली असती तर नावापुढे एकही अंतर नाही आणि पुढच्या तीन फेकी नाहीत, कारण त्या पहिल्या आठांनाच मिळतात. तो कठड्याशी आला. मी म्हटलं, "ग्लाइड मार. आठात ये, मग पुढे फिर."

"मॅडम, पाय बसलाय आता."

"ग्लाइड."

त्याने ग्लाइड मारली. आठात आला, शेवटच्या जागेवर. मी हाताने गिरकीची खूण केली, आता फीर. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही. उरलेल्या तिन्ही फेकी ग्लाइडच मारल्या, पहिल्या ग्लाइडपेक्षा कमी अंतराच्या, आणि आठवा राहिला. बसमध्ये एवढंच म्हणाला, "मला तिसरीपण फिरूनच टाकायची होती." पुढच्या हंगामात तो दुसऱ्या प्रशिक्षकांकडे गेला.

त्याचे वडील म्हणतात, तुम्ही त्याचा विश्वास घालवलात. मी म्हणते, भोपळा घेऊन घरी आला असता तर तुम्हीच विचारलं असतंत की दोन फाऊल झाल्यावर मॅडम गप्प का बसल्या. दोन्ही वाक्यं खरी आहेत. यात पद्धतीचा काय दोष? ग्लाइड हातात होती म्हणूनच तो आठात आला. आणि ग्लाइड हातात होती म्हणूनच मला ती मागता आली. केवळ स्पिनच येत असती तर मी काय सांगणार होते, हळू फीर? सांगितलंही असतं कदाचित, आणि तो फिरलाही असता.

माझ्या ओळखीचे एक सर आहेत, ते पहिल्या दिवसापासून सगळ्यांना फिरवतात. पाठ्यपुस्तकातल्या स्पिनच्या "डिस्को पुट" या नावाला हसत हसत. त्यांचं म्हणणं असं की पाय शिकायचं वय हेच. ताकद पुढे येईल, फाऊल होऊ देत. आणि थाळीवाल्यांना गिरकीचा पाया दोन्हीकडे कामाला येतो, वेळ वाचतो. या दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्यावर आहे: ते आठवड्याचे सहाही दिवस फक्त फेकीचे प्रकार घेतात. माझ्याकडे तीच मुलं उड्या मारतात, रिले पळतात, आणि गोळ्याला जेमतेम दोन दिवस उरतात. दोन दिवसांत ग्लाइड होते. स्पिनची एक सवय बिघडली की सुधारायच्या आत स्पर्धा येते.

सध्या माझ्याकडे एक मुलगी आहे, ३ किलोचा गोळा टाकते, थाळीही टाकते. ग्लाइड चांगली आहे तिची, आणि तिला फिरायचंय. तिला आठवड्यातून एकदा मी त्याच सरांकडे पाठवते. बाकीचे दिवस माझ्याकडे ग्लाइड. सर म्हणतात, दोन डगरींवर हात ठेवू नका, एक काय ते ठरवा. तिची आईही परवा तेच विचारत होती. मी म्हटलं, हंगाम संपू दे. त्या म्हणाल्या, मागच्या वेळीपण तुम्ही हेच म्हणाला होतात. म्हणाले होते. याही वेळी तेच म्हणतेय.