डावी दाढ आणि एकशे दोन ताप

सोमवार

काल रात्रीही झोप नाही. लेक मध्यरात्री उठला, हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागला आणि मधूनच डाव्या गालावर मूठ मारून घ्यायला लागला. ऑटिझम आहे त्याला. दहा वर्षांचा झालाय, हात धरायला आता दोघं लागतात. मूठ आणि गाल यांच्यामध्ये उशी धरून बसले. उशीला मार बसत होता तोवर ठीक, पण उशी कळली की तो दुसरी मूठ वापरतो.

थेरपिस्ट म्हणतात, लक्ष वेधून घ्यायला करतोय, दुर्लक्ष करा. त्यांनी तीन रकान्यांचा तक्ता दिलाय: आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग त्याला काय मिळालं. तक्ता वाईट नाही, त्याच्या जोरावर आम्ही शर्ट फाडणं सोडवलं होतं. पण रात्री दोन वाजता, दिवे बंद, सगळे झोपलेले, तेव्हा हा कुणाचं लक्ष वेधणार? पहिल्या रकान्यात ‘काहीच नाही’ लिहून लिहून वैताग आला. म्हणून आज पेनने चौथा रकाना आखला: काय खाल्लं, शी झाली का, झोप किती.

गेल्या वर्षी असंच चिडचिड, चावणं सुरू झालं होतं तेव्हा निघालं होतं बद्धकोष्ठ. पोट साफ झालं आणि पोरगं गाणी म्हणायला लागलं. तेव्हा वाचलं होतं की 2010 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या गटाने हेच लिहून ठेवलंय: ऑटिझम असलेल्या मुलाच्या पोटाच्या विकाराचं एकमेव लक्षण म्हणजे बिघडलेलं वागणं, असंही असू शकतं.

मंगळवार

‘दुखतंय का?’ विचारलं की उत्तर येतं ‘दुखतंय का’. त्याला पाणी हवं असतं तेव्हाही तोच आपल्याला विचारतो, ‘पाणी हवं का?’ आमचं वाक्य आम्हालाच परत. ‘कुठे दुखतंय?’ म्हटलं की बोट थेट नाकावर, कारण थेरपीत ‘नाक दाखव’ हे सगळ्यात आधी पक्कं झालं. म्हणजे प्रश्नाचं उत्तर त्याने दिलेलं असतं, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं.

भूक, लघवीची घाई, पोटातली कळ, हे शरीराच्या आतले निरोप अशा बऱ्याच मुलांना नीट उलगडत नाहीत. काहीतरी फार वाईट चाललंय एवढं कळतं, पण ते कुठे आणि काय, ते नाही. मग जे हाताशी आहे त्यावर राग निघतो. लोक याला सरसकट ‘यांना दुखतच नाही’ म्हणतात, त्याची मला चीड आहे. लसीची सुई टोचताना हा रडला नव्हता, पण त्यानंतर दोन दिवस त्या दंडाची बाही कुणाला धरू दिली नव्हती.

बुधवार

सासूबाईंनी संध्याकाळी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मी गप्प बसले. पण नंतर भांडी घासताना त्यांनीच सांगितलं, “अगं, भाकरीचा पापुद्रा ठेवून दिला बघ त्यानं. नुसता वरणभात गिळतोय. आणि घास उजवीकडेच फिरवतोय.”

भाकरीचा फुगलेला पापुद्रा म्हणजे याचा जीव की प्राण. तो सोडला?

मोबाइलचा टॉर्च, त्याच्या हातात आवडतं कुकरचं झाकण, आणि ‘आ कर’चा खेळ. तिसऱ्या ‘आ’ला दिसलं: खाली डावीकडे दाढेशेजारी हिरडीवर पांढरट पुळी. तिच्याकडे बघून माझ्याच जबड्यात कळ आली.

शुक्रवार

ज्या डॉक्टरांकडे आधी नेलं होतं त्यांनी घसा लांबूनच बघितला होता आणि “अशी मुलं करतातच हो असं” म्हणून झोपेचं औषध सुचवलं होतं. याला नाव आहे, ‘डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग’, आणि ते 1982 पासून लिहिलं-बोललं जातंय: एक निदान कपाळावर चिकटलं की पुढचं प्रत्येक दुखणं त्याच्याच खात्यात जमा होतं. चाळीस वर्षांनंतरही केबिनमध्ये तेच वाक्य ऐकू येतं.

दातांच्या डॉक्टरीणबाई मात्र आधी त्याच्याबरोबर जमिनीवर बसल्या. दुधाची दाढ, आतपर्यंत किडलेली, मुळाशी पू. गोळ्या चालू, दुखणं थांबायचं औषध चालू, मग भूल देऊन काढायची.

रात्री इंटरनेटवर एक यादी सापडली. बोलू न शकणाऱ्या मुलांचं दुखणं ओळखायला कॅनडातल्या संशोधकांनी तयार केलेली, तीस निरीक्षणांची. कण्हणं, चेहरा, हालचाल, खाणं-झोप, कुठला अवयव जपतो, कुठल्या भागाला हात लावू देत नाही. दोन तास बघायचं आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण द्यायचे. भरत गेले तसा आमचा गेला आठवडा एकेका ओळीत येऊन बसत होता. ही यादी थेरपी सुरू होते त्या दिवशीच फाइलमध्ये लावून का देत नाहीत?

मंगळवार

दाढ निघाली. दाढेपेक्षा उपाशी ठेवणं अवघड गेलं. सकाळी सातला दूध-खारी हा याचा घड्याळापेक्षा पक्का नियम, आणि भुलेआधी पोट रिकामं हवं. खारीचा डबा आदल्या रात्रीच शेजारच्या काकूंकडे पोचवला, स्वयंपाकघराला कडी घातली आणि घरात कुणीच चहासुद्धा प्यायला नाही. सासूबाईंचा तसा मंगळवार होताच.

संध्याकाळी घरी आलो. रात्री तो झोपला, सलग. मूठ गालाकडे जाणं लगेच बंद झालेलं नाही, सवयही लागलेली असते. पण आता मारत नाही, मूठ नुसती टेकवतो.

रविवार

शाळेत साथ आहे, दर पावसाळ्यात असते. याला काल ताप भरला, एकशे दोन. आणि आमच्या घरात ती गोष्ट पुन्हा झाली जी मी बाहेर कुणाला सांगत नाही.

ताप आला की हा शांत होतो. आजारी मूल मलूल होतं तसं तर असतंच, पण तेवढंच नाही. एरवी मांडीवर मिनिटभर न टिकणारा मुलगा काल दुपारभर माझ्याला टेकून बसला. पंख्याचा नाद, झाकणं फिरवणं, गुणगुण, सगळं बंद. माझ्याकडे बघितलं, नीट, डोळ्यांत. आणि म्हणाला, “आई, पाणी.” ‘पाणी हवं का’ नाही. आई, पाणी.

नवरा दारात उभा होता. “असाच राहिला तर...” एवढंच बोलला आणि थर्मामीटर झटकायला लागला, जो डिजिटल आहे.

हे आमच्याच घरात होतं असं नाही. 2007 मध्ये ‘पीडियाट्रिक्स’मध्येच अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. ऑटिझम असलेल्या तीस मुलांचं तापातलं वागणं पालकांनी नोंदवलं, तर चिडचिड, अतिचंचलता, त्याच त्या हालचाली, असंबद्ध बोलणं, सगळं कमी झालेलं. पुढे 2,152 मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा सुमारे 17 टक्के मुलांच्या पालकांनी तापात सुधारणा दिसल्याचं सांगितलं. म्हणजे बहुतेकांना दिसत नाही, आम्हाला दिसते. 2019 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. त्यात नुसतं अंग तापवून काही झालं नाही. संसर्गासारखी दाहक प्रतिक्रिया घडवली तेव्हा शरीरात इंटरल्युकिन-17ए नावाचं प्रथिन वाढलं, ते मेंदूच्या एका भागावर काम करून गेलं आणि एकलकोंडे उंदीर दुसऱ्या उंदरांजवळ जायला लागले. तेही सगळ्या प्रकारच्या उंदरांत नाही. यातून औषध वगैरे अजून काही हाती नाही.

हे वाचून एक फायदा झाला: मला वेड लागलेलं नाही हे कळलं. बाकी भावनेचं काय करायचं ते कुठल्या अभ्यासात नाही. पोराचं अंग भाजतंय आणि मला त्याचा आवाज ऐकून आनंद होतोय. मी वजन बघून पॅरासिटामॉलचं माप भरलं आणि पाजलं. ‘तापात बरा असतो’ म्हणून औषध लांबवणारी आई मी ऐकलेली नाही, पण तिच्या मनात काय येत असेल ते मला आता सांगावं लागत नाही.

एकाच मुलाची ही दोन रूपं. दाढेत पू होता, ताप नव्हता, तेव्हा घर डोक्यावर. अंगात ताप, तर मांडीवर. ‘गप्प आहे म्हणजे बरा आहे’ हे त्याच्याबाबतीत चालत नाही आणि ‘दंगा करतोय म्हणजे मस्ती’ हेही नाही. एकदम काही बदललं, अगदी चांगल्यासाठी बदललं, तरी मी आता आधी कपाळाला हात लावते.

मंगळवार

ताप उतरला. सकाळी सातला खारी मागितली, ‘खारी हवी का?’ आणि कुकरचं झाकण फरशीवर फिरायला लागलं. सासूबाई म्हणाल्या, “आला बाई मूळ पदावर.” आणि खारीचा दुसरा तुकडा त्याच्या हातात दिला, जो नियमात बसत नाही.

निरामय विम्याचे कागद काढलेत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची ही योजना, उपचारांचा खर्च एक लाखापर्यंत. बिलं, चिठ्ठ्या, सगळं लावून पाठवायचंय, आणि दाढेच्या बिलावर तारीखच नाही म्हणून पुन्हा एक खेप.

चौथ्या रकान्याचा तक्ता झेरॉक्स करून वर्गाच्या बाईंना दिला होता. भरतील असं वाटलं नव्हतं. आज दप्तरात परत आला, बाईंच्या टपोऱ्या अक्षरात: डबा अर्धा खाल्ला. शी नाही. डावा कान तीनदा चोळला. उद्या संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय.