डिंगी वर घेताना : डेसोलेशन साउंडमधली एक सकाळ

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डेसोलेशन साउंड ही समुद्राची खाडी आहे. तिथल्या प्रिडो हेव्हन या बेटांच्या आडोशाच्या जागी आम्ही तीन रात्री नांगर टाकून होतो. १७९२ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरला हा परिसर उदास वाटला आणि त्याने त्याला हे ओसाडीचे नाव दिले; आम्हाला मात्र पोहण्याजोगे कोमट पाणी मिळाले, कारण व्हँकुव्हर बेटाला उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून वळसा घालून येणाऱ्या भरत्या या भागात एकमेकींना भेटतात आणि पाणी फारसे बदलत नाही.

आमच्या यजमान काका-काकूंची बोट बेचाळीस फुटी, ट्रॉलर पद्धतीची, साडेसात नॉट, म्हणजे ताशी सुमारे चौदा किलोमीटर वेगाने संथपणे चालणारी. मासेमारीच्या ट्रॉलरवर जाळे ओढायला जशी डोलकाठी आणि तिला जोडलेली आडवी काठी असते, तशीच इथेही आहे, फक्त ती डिंगी, म्हणजे बोटीसोबतची छोटी होडी, उचलण्यासाठी वापरली जाते. किनाऱ्यावर जाणे, पाणी-सामान आणणे हे सारे डिंगीवरच अवलंबून असल्यामुळे तिला पाण्यात ठेवून मागे ओढत नेण्याचा मोह होतो. पण चौथ्या दिवशी आग्नेयेचा वारा वाढणार होता आणि मलास्पिना सामुद्रधुनीत तो थेट समोरून येणार होता. तिथल्या आखूड, उभ्या लाटांत मागे बांधलेली डिंगी हिसके देते, दोर तुटतो, नाहीतर ती उलटते. म्हणून काकांचा नियम असा, की खुल्या पाण्यात जायचे असेल तर नांगर उचलण्याआधी, शांत पाण्यातच डिंगी वर घ्यायची. मला तो पूर्णपणे पटतो.

डिंगी अकरा फुटी, इंजिन, पेट्रोल, वल्ही आणि छोटा नांगर धरून साधारण दीडशे किलोची. रात्रभर पाऊस पडला होता. मी घाईने आकडा कडीत अडकवला आणि विंचचे, म्हणजे दोर गुंडाळून वजन उचलणाऱ्या यंत्राचे, बटण दाबणार, तेवढ्यात काका म्हणाले, ‘‘थांब, आधी आत पाणी किती आहे ते बघ.’’ तळाशी पाच सेंटिमीटर पाणी होते. दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद तळावर ते शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो भरते. शिवाय डिंगी जरा कलली, की ते सारे एका टोकाला धावते आणि तोल जातो. आम्ही हातपंपाने बरेचसे पाणी काढले, मग डिंगी वीतभर उचलून मागचे बूच उघडले. उरलेले पाणी जाड धारेने खाडीत पडत राहिले आणि ती थेंबांवर येईपर्यंत आम्ही थांबलो.

उचलण्यासाठी तीन पट्टे असतात, एक नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि दोन मागच्या फळीला, आणि ते वर एका कडीत मिळतात. इंजिनाचे वजन मागे असल्यामुळे ती कडी मधोमध न येता थोडी मागे यावी लागते, नाहीतर नाळ आकाशाकडे जाते. डिंगी झुलू नये म्हणून पुढे आणि मागे बांधलेले दोन दोर, म्हणजे तणावे, मात्र मला विंचपेक्षाही महत्त्वाचे वाटतात. काकूंनी आपला दोर खुंट्याला एकच वळसा देऊन धरला होता. त्या घर्षणामुळे एका हाताने डिंगी आवरता येते आणि हवा तेव्हा दोर सैलही सोडता येतो. वजन बाहेर लोंबकळताच बोट त्या बाजूला कलली. खाली कोणीही उभे राहायचे नाही, हे काकांनी पुन्हा बजावले. पाण्यापासून जवळजवळ तीन मीटर उंचावर ती आडवी काठी आत फिरली, डिंगी लाकडी बैठकीवर टेकली आणि आम्ही चार पट्टे आवळून प्रत्येकाला हाताने हिसका देऊन पाहिले.

दुपारी टेक्साडा बेटाच्या आतल्या अंगाने जाताना बोट नाळेवरून पाणी उडवत होती. मी दोनदा वर जाऊन पट्टे चाचपले. एक थोडा सैल झाला होता.

संध्याकाळी पेंडर हार्बरमध्ये नांगर टाकल्यावर डिंगी पुन्हा खाली सोडायची होती. काका इंजिनाच्या चावीचा दोरा माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘‘बूच याच दोऱ्याला बांधलेले आहे. ते बसवल्याशिवाय चावी लावायची नाही.’’ मी ते घट्ट फिरवून बसवले, बोटाने दाबून पाहिले आणि मगच तणावा सैल सोडायला सांगितले.