दुसरं पान

तयेच्या, म्हणजे चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या दिवसाच्या सकाळी गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. गणपतीच्या वर फळांची माटोळी टांगतात, तिचं सामान घेऊन मी ऑफिसात आलो: सुपारीचे घोस, आंबाडे, एक चिबूड. सगळं टेबलाखाली सरकवून कॉम्प्युटर लावला. पाच मिनिटांत 'जेम'वर नजर टाकायची, शटर ओढायचं आणि घरी माटोळी बांधायला पळायचं, असा बेत होता.

छोट्या कारखानदारांची सरकारी टेंडरं भरून देणं हा माझा धंदा. 'जेम' म्हणजे केंद्र सरकारचं खरेदीचं पोर्टल, 2016 पासूनचं. त्या आठवड्यात माझी एकच बिड (टेंडरातली बोली) अडकून होती, बेतोड्याच्या औद्योगिक वसाहतीत शिलाईचं युनिट चालवणाऱ्या एका वहिनींची. केंद्राच्या एका उपक्रमाला कामगारांसाठी 1,200 बॉयलर सूट (कामावर घालायचे अंगभर, एकसंध कपडे) हवे होते.

या बिडच्या आधी मी वहिनींचं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा कागद, मागून घेतलं होतं. बघतो तर मुख्य व्यवसाय 'ट्रेडिंग'! बाजारात त्यांचं कापडाचं दुकानही आहे. कोणीतरी फॉर्म भरताना तेवढंच लिहिलं आणि बारा मशिनांचं युनिट कागदावर आलंच नाही. छोट्या उद्योगांना खरेदीत जी पसंती मिळते, ती स्वतः माल बनवणाऱ्याला, व्यापाऱ्याला नाही. ते आधी दुरुस्त करून घेतलं. उद्यमच्या जोरावर अनामत रक्कमही माफ झाली. एवढी सगळी हुशारी केल्यामुळे मी स्वतःवर खूश होतो, हे सांगितलंच पाहिजे.

पोर्टल उघडलं तर लाल अक्षरांत खुलासा मागितलेला. कापडाच्या चाचणी अहवालात रंगाच्या पक्केपणाचा निकाल दिसत नाही, तो सादर करावा. मुदत दोन दिवस. त्यातला एक रात्रीच संपलेला, कारण मेल गेला होता वहिनींच्या मुलाला आणि मुलगा बोटीवर. चवथीच्या दुपारी 3 वाजता खिडकी बंद.

अपलोड केलेली फाइल उघडून पाहिली. अहवाल दोन पानांचा, मी चढवलेलं पान एक. चूक दुसऱ्या कोणाची असती तर बरं झालं असतं.

नवीन चाचणी करून चालणार नव्हतं. एक तर वेळ नव्हता आणि खुलाशात कागद द्यायचा तो बिड बंद होण्याआधीच्या तारखेचा असावा लागतो. नंतर तयार केलेला धरत नाहीत. म्हणजे तेच दुसरं पान पाहिजे. मूळ अहवाल युनिटच्या कपाटात. एक चावी मास्टरकडे, तो बेळगावला गावी गेलेला. दुसरी वहिनींकडे, आणि वहिनी चवथीला वाळपईच्या पलीकडे सासरच्या घरी. तिथे फोन लागायचा तर माणसाने अंगणातल्या एका ठरावीक माडाखाली उभं राहावं लागतं. तयेच्या दिवशी तिथे कोण उभं राहणार?

स्कूटर काढली. खांडेपार, उसगाव, होंडा. भाद्रपदातला पाऊस रेनकोटाच्या आत शिरत होता. घरून बायकोचा फोन आला, तो न घेणंच शहाणपणाचं वाटलं.

वहिनी चुलीपाशी नेवऱ्या (करंज्या) तळत होत्या. मला पाहून त्यांना वाटलं, कोणी गेलं की काय. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आज तय रे! सरकाराक चवथ ना?" मग पदराच्या गाठीतली चावी काढून दिली आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या गरम नेवऱ्याही. चूक माझी आहे हे मी तेव्हाच सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण चावी द्यायला हात किंचित उशिरा पुढे आला.

बेतोड्याला पोचेपर्यंत तीन वाजून गेलेले. वसाहतीत कुत्रंही नव्हतं. अहवाल मिळाला. भूक लागली होती, एक नेवरी खाल्ली आणि त्याच हाताने दुसरं पान उचललं. कोपऱ्यात तेलाचा पारदर्शक डाग पडला. तसंच ऑफिसात आणून स्कॅन केलं, दोन्ही पानं, आणि संध्याकाळी चारच्या सुमारास चढवलं. त्या उपक्रमाच्या फाइलीत तो डाग अजून असेल.

चवथीनंतर तांत्रिक छाननीत वहिनी पास झाल्या. दर उघडले तेव्हा सगळ्यात कमी दर परराज्यातल्या एका मोठ्या कंपनीचा, नगाला 940 रुपये. वहिनींचा 1,035. वहिनी म्हणाल्या, "गेलं म्हणजे." गेलं नव्हतं. सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असलेल्या छोट्या उत्पादकाला तोच दर मान्य करायची संधी मिळते. 940 चे 15 टक्के वर म्हणजे 1,081. आम्ही आत होतो. मात्र या बिडच्या अटीप्रमाणे मिळणार होते एकूण नगांचे 25 टक्के, म्हणजे 300 सूट, आणि तेही 940 लाच.

वहिनींनी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. कापड, चेन, दोरा, मजुरी, गाडीभाडं, कर धरून 885. नगाला 55 सुटणार, सगळे मिळून साडेसोळा हजार. यात माझी फीही होती, तिच्याकडे त्यांनी जरा जास्तच वेळ पाहिलं. पैसे कधी येतील, असं विचारलं. कायद्याने 45 दिवसांच्या आत, उशीर झाला तर व्याजासकट, असं मी सांगितलं. "व्याज मागायला परत तुझ्याकडेच यायचं ना?" त्या म्हणाल्या.

तरी त्यांनी होकार दिला. पुढच्या बिडला अनुभवाचा दाखला म्हणून ही ऑर्डर लावता येईल, हे त्यांनीच मला सांगितलं, मी त्यांना नाही. दोन नव्या मुली शिलाईला ठेवल्या. मंजुरीचं बटण दाबताना मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं होतं. बटण दाबून झालं तशा त्या म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या वेळी पानं मोजून घालशील?"