उलटी पिन

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पंप जळून आला की सिंगल फेजिंगनं (तीनातली एक फेज जाऊन) गेलाय की बेअरिंग जाम होऊन, हे मी बहुतेक वेळा न खोलता सांगतो. असा माणूस नऊ व्होल्टचा कॉम्प्युटर जाळतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्यातनंच झालं.

कॉम्प्युटर मामांचा. सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस, टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर, 1985 साली त्यांच्या मित्रानं मस्कतहून आणलेला. शाहूपुरीतल्या घरात माळ्यावर होता म्हणून 2019 च्या पुरातनं वाचला. त्याचा अडॅप्टर खालच्या कपाटात होता, तो गेला. यंदा दिवाळीच्या साफसफाईत खोकं खाली आलं आणि मामा ते काखेत मारून थेट दुकानात हजर.

मी काउंटरवरचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर उचलला आणि लावला. आताच्या बहुतेक अडॅप्टरला आतली पिन प्लस असते. सिंक्लेअरची आतली पिन मायनस. उलटं लागलं तर अडवायला आत साधा डायोडसुद्धा नाही. बारीक टिक्‌ आवाज आला, आणि मग तो वास. पंचवीस वर्षं जो वास हुंगून पोट भरतोय, तोच.

"गेला व्हय?" मामांनी विचारलं आणि राहिलेला चहा संपवला. एवढंच बोलले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री शटर अर्धं ओढून बोर्ड खोलला. या मशिनची खालची 16 के मेमरी आठ 4116 चिपांची, आणि त्या चिपांना तीन व्होल्टेज लागतात: प्लस पाच, प्लस बारा आणि मायनस पाच. पाच व्होल्ट 7805 रेग्युलेटर देतो. बारा आणि मायनस पाच बोर्डावरच तयार होतात, दोन ट्रान्झिस्टर आणि एका चिमुकल्या कॉईलवर. त्यातला एक ट्रान्झिस्टर, बोर्डावर नाव टीआर 4, शॉर्ट झाला होता आणि त्याच्यामागनं कॉईल काळी पडलेली. बारा आहे आणि मायनस पाच नाही, अशा अवस्थेत 4116 फार वेळ तग धरत नाही.

कॉईल बघितली आणि मला हसू आलं. जगात एवढे स्पेक्ट्रमवाले, नवीन कॉईल कुठं मिळेल म्हणून शोधत बसतात, आणि ही आली कुणाकडं!

तिच्यावर दोन वायंडिंग. भिंगाखाली एकेक वेढा सोडवला, मोजून वहीत लिहिला, मायक्रोमीटरनं तार मोजली. पंपाला आपण किलोत तांबं टाकतो, इथं हातभर तार. पण सुरुवात-शेवट इथंही बघावाच लागतो. एका वायंडिंगची टोकं उलटी जोडली की सर्किट डोलतच नाही, नुसतं गरम होतं. मी पहिल्यांदा उलटीच जोडली. (कबूल करायचं नव्हतं, पण पोरानं बघितलंय.) दुसऱ्यांदा बरोबर जोडली, वार्निशचा हात दिला, टीआर 4 नवा घातला.

आता मात्र थेट सप्लाय नाही. गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब सिरीजमध्ये टाकला. आत शॉर्ट असेल तर बल्ब भडकतो आणि माल वाचतो. बल्ब मंद राहिला. चिपच्या पिन 1 वर मायनस पाच, पिन 8 वर बारा, पिन 9 वर पाच. टीव्हीवर मात्र नुसते उभे पट्टे. चिपांवरनं बोट फिरवलं तर एक चटका देणारी. ती काढून सॉकेट बसवला, नवी चिप कुरिअरनं यायला नऊ दिवस लागले.

वरची 32 के मेमरी धडधाकट होती, आणि तिची मजा वेगळीच. सिंक्लेअरनं तिथं अर्धा भाग खराब निघालेल्या 64 किलोबिटच्या चिपा स्वस्तात घेऊन चांगला अर्धा वापरला. सेकंडचा माल! चाळीस वर्षं चाललाय.

मॉडिफिकेशन दोनच केली. 7805 काढून तिथं स्विचिंग मॉड्यूल, त्यामुळं आतला तवा थंड झाला. आणि चित्रासाठी मॉड्युलेटरच्या (चित्र टीव्हीच्या अँटेनाच्या भोकातनं पाठवणाऱ्या डबीच्या) दोन्ही तारा बाहेरून सोडवल्या, आतला रेझिस्टर सॉकेटपासून उचलला, व्हिडिओची तार सरळ सॉकेटला. आता टीव्हीला पिवळी पिन लागते. नवं भोक पाडलं नाही, काही कापलं नाही. उद्या कुणाला मूळ रूप हवं असेल तर दोन टाके मारले की झालं. जुन्या मशिनला ड्रिल लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. कीबोर्डचं मेंब्रेन पापडासारखं मोडलं, ते नवीन मागवलं.

रविवारी मामा आले. पांढऱ्या पडद्यावर 1982 ची सिंक्लेअरची ओळ. मी पीक या आज्ञेनं मेमरीतल्या 23732 आणि 23733 या जागा वाचल्या, मेमरीचा शेवटचा पत्ता 65535 आला, म्हणजे 48 के पूर्ण. मामांना त्याचं काही नाही. त्यांनी खिशातनं कॅसेट काढली, या मशिनचे प्रोग्राम टेपवरनंच लोड होतात.

पहिल्यांदा टेप लोडिंग एरर. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मामांनी माझा बारका स्क्रूड्रायव्हर घेतला, टेप रेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू कानानं ऐकत किंचित फिरवला, टेपची किंकाळी धारदार झाली आणि बॉर्डरवर निळे-पिवळे पट्टे पळायला लागले. ओके आलं. मी सवयीनं आर दाबायला गेलो, रनसाठी.

मामांनी माझ्या हातावर चापट मारली. "रन देऊ नको, लेका! व्हेरिएबल पुसतात, आत साठवलेले आकडे जातात. गो टू 10 दे."

दिलं. गल्लीतली 1987 ची भिशी उघडली, बारा नावं, बारा हप्ते. मामा चष्मा वर करून खाली खाली वाचत गेले आणि सातव्या नावावर बोट ठेवलं.

"ह्यानं शेवटचा हप्ता अजून दिलेला नाही बघ."