सिमिलॅरिटी रिपोर्टच्या टक्क्यांनी आणलेला वैताग

कॉलेजात संशोधन लेखनाचा कोर्स शिकवून नुकतीच मोकळी झाले. विषय, आराखडा, लायब्ररीतले तास हे सगळं सुरळीत पार पडलं. गाडी अडली ती अगदी शेवटी, सिमिलॅरिटी रिपोर्टपाशी, म्हणजे पेपरातला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरच्या अहवालापाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही.

नियम असा की पेपरसोबत हा रिपोर्ट जोडायचा. आकडा ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला तर कार्यालय पेपर घेतच नाही. माझ्या एका विद्यार्थिनीचा आकडा नव्वदच्या वर आला. पोरगी रडकुंडीला आली. तिचा एकेक परिच्छेद माझ्या डोळ्यांसमोर घडलेला! रिपोर्ट उघडला तर पानंच्या पानं एकाच रंगात रंगलेली, आणि बाजूला स्रोत म्हणून एकच नोंद: विद्यार्थ्याचा पेपर, संस्था आमचीच. म्हणजे तिचाच जुना ड्राफ्ट. तो लायब्ररीच्या खात्यातून तपासला होता, तेव्हाच सॉफ्टवेअरच्या संग्रहात साठवला गेला होता.

हे सगळं कार्यालयात नीट समजावून सांगितलं. उत्तर मिळालं, "मॅडम, आकडा कमी करून आणा." रिपोर्ट उघडून बघायलाही कुणी तयार नाही. जुना ड्राफ्ट काढून टाकायची विनंती खातं सांभाळणाऱ्यानेच करावी लागते, त्यासाठी वेगळा अर्ज, त्या अर्जावर सही, आणि सही करणारे रजेवर. सबमिशनची तारीख तोंडावर आलेली. शेवटी मी रंगलेल्या पानांची प्रिंट काढली, दोन्ही ड्राफ्ट शेजारी लावले आणि लेखी टिपण जोडून थेट प्राचार्यांपुढे ठेवलं. जुना ड्राफ्ट संग्रहातून निघाला. अवतरणं आणि संदर्भसूची वगळून पुन्हा तपासलं, तर उरली ती किरकोळ जुळणी. त्या मुलीचा पेपर स्वीकारला गेला तेव्हा मला खरंच अभिमान वाटला.

म्हणून कोर्स सुरू होण्याआधीच लायब्ररीत विचारा: ड्राफ्ट संग्रहात न ठेवता तपासता येतो का? अवतरणं आणि संदर्भसूची वगळायची का, हेही लेखी घ्या. आणि रिपोर्ट विद्यार्थ्याला शेजारी बसवून वाचा. सॉफ्टवेअर फक्त मजकूर कुठे जुळतो ते दाखवतं. चोरी आहे की नाही हे माणसानेच ठरवायचं. आठ टक्क्यांच्या रिपोर्टमध्ये एक अख्खा परिच्छेद उचललेला असू शकतो, आणि तीस टक्के निव्वळ सूचीतली शीर्षकं असू शकतात. आकड्याच्या धाकाने मुलं शब्द फिरवत बसतात. एकाने 'यादृच्छिक नमुना' (रँडम सॅम्पल) खोडून 'स्वैर मासला' लिहिलं होतं! पारिभाषिक शब्दांना हात लावू देऊ नका.

हो, एक आधीच सांगायला हवं होतं. 'सोशल मीडिया आणि तरुण' हा विषय झाला, संशोधनाचा प्रश्न नव्हे. कोणते तरुण, कोणती सवय, कशावर परिणाम, हे एका वाक्यात येईपर्यंत वाचन सुरू करू देऊ नका.

संदर्भांसाठी झोटेरो हे संदर्भ साठवून सूची बनवणारं सॉफ्टवेअर वापरायला लावा. मोफत आहे, आणि मागे घेतलेला शोधनिबंध सूचीत असेल तर तसा इशाराही देतं. एआयकडून घेतलेला संदर्भ मात्र डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून उघडून बघायचाच; शीर्षक आणि लेखक जुळले नाहीत तर सूचीतून काढायचा. ही तपासणी पहिल्या ड्राफ्टलाच करा, शेवटच्या आठवड्यात त्याला वेळ मिळत नाही.