मुतखड्याची कळ : आधी इंजेक्शन द्या, सोनोग्राफी नंतर

"लिटरभर पाणी प्या, लघवी तुंबू द्या, सोनोग्राफी करून या, मग बघू." कूस धरून वाकलेल्या माणसाला तालुक्याच्या दवाखान्यात मिळालेलं हे उत्तर. यात माझे दोन तास गेले. पाणी प्यायलं की उलटी, उलटी झाली की पुन्हा पाणी. त्याचा राग अजून आहे, कारण कळेत असं पाणी पाजणं चूकच आहे.

ही कळ खडा टोचल्याने येत नाही. खडा मूत्रनलिकेत अडकतो, वरची लघवी तुंबते आणि किडनीवर ताण येतो. त्या ताणामुळे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वाढतात. ती किडनीकडचा रक्तपुरवठा वाढवतात, त्यातून आणखी लघवी तयार होते आणि ताण आणखी चढतो. अशा वेळी बळंच पाणी पाजलं तर तुंबलेल्या नळीत भर पडते, आणि पाण्याच्या जोराने खडा सुटतो असंही नाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक नेमकी ही साखळी तोडतं, म्हणून या कळेत ते पहिलं औषध. 75 मि.ग्रॅ. कुल्ल्याच्या स्नायूत खोल दिलं की साधारण अर्ध्या तासात उतार पडतो.

मग सोनोग्राफीसाठी थांबायचं कशाला? किडनीची सूज मूत्राशय रिकामं असलं तरी दिसते. भरलेलं मूत्राशय लागतं ते नळीच्या अगदी खालच्या टोकाशी असलेला खडा बघायला, आणि ते काम कळ बसल्यावर सावकाश होतं. सीटी स्कॅन केला तर त्यालाही लघवी तुंबवावी लागत नाही. "इंजेक्शन दिलं तर आजार झाकला जाईल" असं सांगतात, पण इंजेक्शनने ना खडा दिसेनासा होतो ना सूज.

म्हणून दारातच, डॉक्टरांनी विचारायच्या आधी, एका दमात सांगायचं : "डॉक्टरसाहेब, मुतखडा आधीचाच आहे, क्रिएटिनिन नॉर्मल आहे, अल्सर नाही, दमा नाही, हृदयाचा त्रास नाही, डायक्लोफेनॅक आधी सोसलंय. आधी इंजेक्शन द्या." यातलं जे खरं असेल तेवढंच सांगा. क्रिएटिनिन म्हणजे किडनी किती नीट चालते ते सांगणारी रक्ततपासणी. शेवटच्या क्रिएटिनिनच्या रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये असू द्या, त्याने निम्मी वादावादी वाचते. पहिलीच कळ असेल किंवा वय साठीच्या पुढे असेल, तर मात्र तपासणीची घाई डॉक्टरांनी करायलाच हवी. महाधमनी, म्हणजे पोटातली मुख्य रक्तवाहिनी, फुगली असली तरी दुखणं असंच येऊ शकतं.

ज्यांची किडनी आधीच कमजोर आहे, ज्यांना अल्सर किंवा हृदयविकार आहे, जे रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात, त्यांना आणि गरोदर बाईला डायक्लोफेनॅक नको. त्यांच्यासाठी शिरेतून पॅरासिटामॉल, मोठ्या माणसाला 1 ग्रॅम, पंधरा मिनिटांत. याला हलकं समजू नका, कळ चांगली उतरते. ट्रामाडॉल या तीव्र वेदनाशामकाचा नंबर त्यानंतर, कारण आधीच ढवळत असतं आणि त्याने उलट्या वाढतात. पेटका सोडवणारं हायोसिन डायक्लोफेनॅकसोबत सर्रास देतात, पण त्याने दुखण्यात फारसा फरक पडत नाही, तोंड मात्र कोरडं पडतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत कुशीवर गरम पाण्याची पिशवी धरा, कपड्यात गुंडाळून. याने खरंच सुसह्य होतं. हुलग्याचं कढण, पानफुटीचा रस यांनी चालू कळ थांबत नाही, त्यात वेळ घालवू नका. थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली किंवा एकच किडनी असेल, तर घरी एक तासही थांबू नका. तुंबलेल्या लघवीत जंतू वाढले तर जिवावर बेततं.

एक राहिलंच. उलट्यांत गोळी टिकत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून डायक्लोफेनॅकची 100 मि.ग्रॅ.ची गुदद्वारातून घ्यायची सपोझिटरी घरी ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात ती कपाटात वितळते, तेव्हा फ्रिजमध्येच. ती घेतली असेल तर दवाखान्यात गेल्या गेल्या वेळेसकट सांगा, कारण दिवसभरात सगळं मिळून 150 मि.ग्रॅ.च्या वर जायचं नाही. आणि कळ थांबली तरी लघवी मलमलच्या फडक्यातून गाळत राहा. खडा सापडला तर कोरडा करून कागदाच्या पुडीत लॅबला द्या, आणि नाही सापडला तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी. तेव्हा पाणी पोटभर प्या.